ट्रेकची पँट: बूड न फाटणारी कुठे मिळेल?

उनाड

नमस्कार मंडळी,

शीर्षक वाचून हसायचं असेल तर हसून घ्या, पण विषय गंभीर आहे. मागच्या शनिवार-रविवारी आम्ही सहा जण बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो, रात्री कोकणकड्यावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी साधले घाटाने खाली. नळीतले कातळटप्पे झाले, दगडांवरून उड्या झाल्या, पँटला काही झालं नाही. घात झाला तो उतरताना. साधले घाटात घसारा (सुट्या मुरमाचा निसरडा उतार) लागला आणि मी नेहमीप्रमाणे पाचव्या पायावर आलो, म्हणजे दोन पाय, दोन हात आणि बूड टेकून घसरत घसरत. मधेच एका दगडाच्या कोपऱ्यावर चर्र्र. मागच्या शिवणीपासून उजव्या मांडीपर्यंत वीतभर फाटली. मागून येणारा मित्र दहा मिनिटं खाली बसून हसत होता, उतरायचंच विसरला. मग कमरेला टॉवेल गुंडाळून बेलपाडा, तिथून जीप, आणि तसाच कल्याणपर्यंत. लोकलमध्ये शेजारच्या आजींनी प्रेमाने विचारलं, नदीवर गेला होतास का रे बाळा.

पँट होती २२०० रुपयांची, नाव घेत नाही, लेबलवर ट्रेकिंग, स्ट्रेच, क्विक ड्राय सगळं लिहिलेलं. चौथाच ट्रेक तिचा. याआधीची गुडघ्यात गेली, त्याआधीचीची चेन. डिसेंबरात अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले ठरलेत आणि जमलं तर जानेवारीत लिंगाणा, म्हणजे चालणं पण आहे आणि रोप लावून चढणं पण. वजन ८४, कंबर ३६, मांड्या भरलेल्या (हे महत्त्वाचं आहे, कारण कंबरेला बसते ती मांडीला बसत नाही). बजेट ३००० पर्यंत. कोणती घेऊ?

पुणेरी_टाक

पँट बदलू नका, उतरायची पद्धत बदला. घसाऱ्यावर बसून उतरणं ही सवय आहे, तंत्र नाही. टाच रोवून, गुडघे थोडे वाकवून, वजन पुढे ठेवून उतरलात तर बूड जमिनीला लागायचं कारणच नाही. बाकी ३००० रुपयांत बूड मजबूत करून मिळत नाही.

उनाड

टाक साहेब, तत्त्वतः मान्य. पण पाठीवर अकरा किलोची सॅक आणि खाली दरी असली की तत्त्व पहिलं घसरतं आणि मागोमाग मी.

कातळवेडी

हाहाहा, मी पण बसून उतरते आणि मला त्याची लाज वाटत नाही. गेली नऊ वर्षं ग्रुपबरोबर रोप लावायला जाते, भलेभले बसतात.

पण उनाड, कुठली पँट घेऊ याच्या आधी एक सांगा, फाटली कुठून? म्हणजे शिवण उसवली की कापड फाटलं? दोन्ही वेगळे आजार आहेत. फाटलेली पँट टाकून दिली नसेल तर उजेडात धरून बघा, टाके तुटून दोन्ही कडा सरळ आहेत का कापडाचे धागे लोंबतायत.

उनाड

बघितली. मागे मधोमध जी शिवण असते तिथे चार-पाच बोटं टाके सुटलेत, कडा सरळ. तिथून पुढे मांडीकडे मात्र कापडच गेलंय, धागे बाहेर. आणि अजून एक दिसलं, बुडाच्या दोन्ही बाजूंना कापड विरलंय, उजेडात धरलं की चाळणीसारखं दिसतं. हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

धागादोरा

कातळवेडी ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. मी इचलकरंजीचा, घरात माग होते, स्वतः कापडाच्या टेस्टिंगमध्ये बावीस वर्षं काढली त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

तुमच्या पँटचं काय झालं ते क्रमाने सांगतो. आधी कापड घासलं गेलं चार ट्रेक, विरलं. मग तुम्ही बसलात, गुडघे छातीशी, म्हणजे मागचं कापड आधीच ताणलेलं, त्यात मांड्या भरलेल्या, त्यामुळे मधल्या शिवणीवर सगळा ताण. एक टाका तुटला. एकेरी शिलाई असली की एक टाका गेला की शेजारचा जातो. आणि मग दगडाचा कोपरा विरलेल्या कापडात घुसला. तर घासणं, उसवणं आणि फाटणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात तिन्हीला मिळून टिकाऊ असा एकच शब्द वापरतात.

रिपस्टॉप म्हणून जे विकतात, ते चौकटी चौकटीचं दिसणारं कापड, त्यात दर काही मिलिमीटरला उभ्या-आडव्यात जाड धागा घातलेला असतो. भोक पडलं तर फाट त्या जाड धाग्यापाशी अडते, पुढे धावत नाही. चांगली गोष्ट आहे. पण घासण्यापासून ते वाचवत नाही! पातळ रिपस्टॉप कातळावर घासलं तर साध्या पातळ कापडासारखंच विरणार. लोक इथेच फसतात.

घासण्याला उपाय म्हणजे धागा आणि जाडी. त्याच वजनाचं नायलॉन आणि पॉलिएस्टर घेतलं तर घासण्यात नायलॉन जास्त टिकतं. आपल्याकडच्या स्वस्त ट्रेक पँट बहुतेक पॉलिएस्टरच्या असतात कारण ते स्वस्त पडतं, पाणी जवळपास घेतच नाही (धाग्यात मुरणारा ओलावा अर्ध्या टक्क्याच्याही खाली, नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास, सुती ७-८) आणि उन्हातही नायलॉनपेक्षा जास्त टिकतं. पण घामाचा वास पॉलिएस्टर धरून ठेवतं, हे घरच्यांना विचारा. लेबलवर कुठेतरी आत बारीक अक्षरात कापडाची टक्केवारी असते, ती वाचा, पुढच्या बाजूचं मोठं अक्षर वाचू नका. ९० टक्क्यांच्या वर नायलॉन आणि थोडं इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, असं असेल तर चढाईला उत्तम. इलॅस्टेन १०-१२ टक्क्यांवर गेलं की आरामदायक वाटतं पण ते चढाईचं कापड राहत नाही, योगासनांचं होतं.

आता डेनिअर. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये जे वजन भरेल तो त्याचा डेनिअर. सॅकवर ४२०, ५०० असे आकडे लिहिलेले असतात ते हेच. पँटवर डेनिअर कोणी लिहीत नाही, तिथे कापडाचं वजन बघायचं, चौरस मीटरला किती ग्रॅम. १२०-१५० म्हणजे चालायची हलकी पँट. २०० च्या पुढे म्हणजे कातळावर घासायला चालेल. दुकानात वजनकाटा नसतो, म्हणून माझी पद्धत सांगतो: एका थरामागे हात धरून ट्यूबलाइटकडे बघायचं. बोटं मोजता आली तर चालायची, नुसती सावली दिसली तर चढायची.

शिवणीसाठी पँट उलटी करा. जीन्सच्या पायाला जशी दुमडून दोन समांतर टाक्यांची शिवण असते तशी बुडाला आहे का बघा. नुसती ओव्हरलॉक केलेली असेल तर ठेवून द्या परत, कितीही सेल असू दे.

पुणेरी_टाक

धागादोरा, उत्तम प्रतिसाद. कापडाच्या चर्चेत तुमचं नाव फिट बसलंय. (आणि बसणं हाच या धाग्याचा मूळ प्रश्न आहे.)

आजोबा_पर्वत

आमच्या काळी असलं काही नव्हतं हे वाक्य मी टाळणार होतो पण जमलं नाही. ऐंशीच्या दशकात आम्ही चढायला लागलो तेव्हा पँट म्हणजे एनसीसीची खाकी किंवा कॉलेजची जुनी टेरिकॉट आणि पायात हंटर बूट, पुढे ॲक्शन ट्रेकिंगचे बूट आले तेव्हा श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. जीन्स फक्त ज्याचा मामा परदेशात त्याच्याकडे. बुडाला ठिगळ घरूनच लावून निघायचो, आई जुन्या दप्तराचं कॅनव्हास आतून लावून द्यायची आणि ते ठिगळ पँटपेक्षा जास्त वर्षं टिकायचं, एका पँटचं काढून दुसरीला लावलेलं मला आठवतंय.

आपल्या कातळाबद्दल एक सांगायला हवं. हा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक. कडा तुटतो तो धारदार तुटतो, आणि थरांच्या मधे जो ठिसूळ लाल-भुरा पट्टा असतो तिथे भुगा पडतो, तोच तुमचा घसारा. म्हणजे कपड्याला एकीकडे सुरी आणि दुसरीकडे पॉलिश पेपर. पाण्याच्या ओढ्यातला गुळगुळीत झालेला कातळ वेगळा, तो कपडे फाडत नाही, तुम्हाला पाडतो. परदेशी लोकांनी ग्रॅनाइटवर वापरून चांगली म्हटलेली पँट इथे कशी वागेल ते इथे घासल्यावरच कळतं.

आणि अलंग-मदनच्या पायथ्याला आंबेवाडीत वाटाड्या घ्याल तेव्हा त्याची पँट बघा. आमच्याबरोबर यायचा तो गुडघ्याच्या वर दुमडलेली जुनी हाफ पँट आणि पायात प्लास्टिकचे बूट, मदनच्या ट्रॅव्हर्सवर (कड्याला चिकटून जाणाऱ्या आडव्या वाटेवर) डोक्यावर आमचं पातेलं घेऊन चालायचा. वीस वर्षांत त्याची पँट फाटलेली बघितली नाही कारण तो बसलेला बघितला नाही. (टाक यांना हे आवडेल.)

बोल्डरवाला

इकडे कोलोरॅडोत आहे गेली चौदा वर्षं, मूळचा सातारचा. ग्रॅनाइटबद्दल आजोबा म्हणतात ते खरं, आणि आमच्या गावामागचे कडे तर वाळूच्या दगडाचे, ते पँट फाडत नाहीत, किसतात.

पण मुद्दा कापडाइतकाच कटिंगचा आहे. सन १९७०-८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीतले चढाई करणारे पोरं रंगाऱ्यांच्या पांढऱ्या पँटी घालून चढायचे, स्वस्त, सैल, जाड सुती. मग त्यांच्यातल्याच माईक ग्रॅहमने १९८२ मध्ये ग्रॅमिची नावाने चढाईच्या पँटी विकायला सुरुवात केली, त्यात दोन पायांच्या मधे वेगळा कापडाचा तुकडा घातला, त्यामुळे पाय हवा तितका फाकवता येतो आणि चारही शिवणी एका बिंदूत येत नाहीत. आणि कमरेला आतच पट्टा, एका हाताने ओढायचा. आज इकडे क्लाइंबिंग पँट म्हणून जी काही मिळते तिच्यात बहुतेक वेळा हा तुकडा असतो. दुकानात उभं राहून बघायची टेस्ट: पँट घालून एक पाय खुर्चीवर ठेवा आणि खाली बसा. कंबर मागून खाली ओढली गेली किंवा पोटरीपासून पँट वर चढली तर कटिंग चालण्याचं आहे.

जाड म्हणाल तर स्वीडनची फ्येलरेवन कंपनी जी-१००० नावाचं कापड वापरते, ६५ टक्के पॉलिएस्टर, ३५ टक्के सुती, वर मेण घासून इस्त्री फिरवायची म्हणजे वारा आणि थोडा पाऊस अडतो. थंडीत राजा माणूस. पण मागच्या मे महिन्यात घरी आलो तेव्हा तीच घालून अजिंक्यताऱ्यावर गेलो, अर्ध्या तासात भज्यासारखा तळून निघालो. इकडची शिफारस तिकडे चालत नाही ती अशी.

धागादोरा

बोल्डरवाले, तो तुकडा म्हणजे आपली मियानी! आमच्या गल्लीतले चाचा पायजम्याला आणि सलवारीला ती लावत आलेत, त्यांना कोणी १९८२ सांगितलं तर हसतील. पायजमा घालून मांडी घालून बसता येतं आणि टेरिकॉटच्या पँटमध्ये येत नाही ते याच चौकोनी तुकड्यामुळे.

कातळवेडी

मियानीवरून आठवलं, आता थोडं बायकांचं बोलू का? लेडीज ट्रेक पँट म्हणून जे विकतात त्याला खिसे एवढे की त्यात लिमलेटची गोळी मावेल, कापड पुरुषांच्या त्याच पँटपेक्षा पातळ आणि किंमत तीच. मी सरळ पुरुषांची घेते आणि कंबर शिंप्याकडून आत घेते. तुमचा प्रॉब्लेम उलटा आहे, मांडीला बसेल ती घ्या आणि कंबर कमी करा, कंबरेला बसेल ती घेऊन मांडीला प्रार्थना करू नका.

हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा-मांड्यांचा पट्टा) घालणार असाल तर हे बघा. जाड बकलचा बेल्ट नको, हार्नेसचा पट्टा त्यावर बसतो आणि लटकलं की ते बकल पोटात घुसतं, मला एकदा ड्यूक्स नोजला रॅपलिंग करताना (दोरावरून कडा उतरताना) असा वळ उठला की आठवडाभर साडी नेसताना ओरडत होते. आतला इलॅस्टिकचा किंवा नाडीचा नेफा सगळ्यात भारी. मागच्या खिशाला बटण किंवा रिव्हेट नको, चिमणीसारख्या चिंचोळ्या भेगेत पाठ लावून चढताना ते कातळावर घासतं आणि आधी तिथेच भोक पडतं. आणि कार्गोचे ते मांडीवरचे फुगीर खिसे, त्यात मोबाइल ठेवला की पाय उचलताना तो गुडघ्यावर ठोकतो, आणि पाऊल कुठे ठेवायचं ते बघायला खाली बघितलं तर खिसाच दिसतो. मांडीवर एकच चपटा चेनचा खिसा बास.

पायाची मोरी पण. खाली रुंद असली तर बूट दिसत नाही. नाडी किंवा इलॅस्टिक असेल तर उत्तम.

गवतीचहा

मला चढाईतलं काही कळत नाही, मी आपली भीमाशंकर-राजमाची-राजगडवाली, पण एक विचारते, ट्रॅक पँट का नाही चालत? केवढी आरामदायक असते.

चकवा

गवतीचहा, ऑक्टोबर ते जानेवारी ट्रॅक पँट घालून गवतातून चालून बघा एकदा. होजिअरीचं विणलेलं कापड म्हणजे कुसळांना आमंत्रण. कुसळाचं टोक आत शिरतं, मागचं शेपूट ओलं-कोरडं झालं की पिळतं आणि टोक अजून आत जातं. मी एकदा रतनगडावरून उतरून आलो तर दोन्ही पोटऱ्यांवर साळिंदर झालं होतं, बसमध्ये तीन तास एकेक कुसळ उपटत होतो, कंडक्टर म्हणाला खाली टाकू नका. मागावरचं घट्ट विणीचं गुळगुळीत कापड असेल तर कुसळ बसतं पण हाताने झटकलं की जातं.

आणि खाजकुइली! दिवाळीनंतर शेंगा पिकतात, सोनेरी मखमलीसारखी लव, दिसायला इतकी गोड की मित्राने हात फिरवला. पुढचं सांगत नाही. पण ती लव फ्लीसला किंवा ट्रॅक पँटला लागली तर ती पँट धुतली तरी पुढच्या वेळी खाजतेच. रुंद चिकटपट्टी लावून ओढून काढायची, हाताने घासायचं अजिबात नाही, पाणी तर नकोच नको आधी.

अजून एक, रंग फिका घ्या. गोचीड चढताना दिसतो. पावसात कोयनेच्या बाजूला जळवांसाठी पण तेच, पँट मोज्यात खोचायची आणि दर विश्रांतीला बघायचं.

चिंब_डोंबिवलीकर

पावसाचं निघालं म्हणून. जीन्सबद्दल कोणी बोललं नाही अजून म्हणून बोलतो कारण दर जूनमध्ये कोणीतरी नवखा जीन्समध्ये येतोच. भिजली की दोन किलो, गुडघा वाकत नाही, आणि दिवसभर मांड्यांच्या मधे घासून जे होतं त्यावर खोबरेल तेल लावून सुद्धा सोमवारी ऑफिसात गुरासारखं फाकून चालावं लागतं. पावसात पातळ पॉलिएस्टर बेस्ट, फाटली तर फाटली, लोहगडावर नाही तरी कोण बसून उतरतंय, पायऱ्याच आहेत. एक पँट बारा महिने हा हट्ट सोडा. माझ्याकडे पावसाची ६००-७०० वाली आणि हिवाळ्याची जाड अशा दोन आहेत.

वॉटरप्रूफ पँटच्या नादी मात्र लागू नका, आपल्या दमटात बाहेरून कोरडी, आतून तुमच्याच घामाने ओली. आणि पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात ते वरच्या लेपामुळे, पाचसात धुण्यात त्यातलं बरंच जातं. त्यात घरी मऊपणासाठी ते सुगंधी लिक्विड घातलं की उरलंसुरलं पण गेलं.

ढेकूळ

मिलिटरी कार्गो घ्या की राव. स्टेशनबाहेर ५०० ला. एकच नंबर कापड.

आजोबा_पर्वत

ढेकूळ, जपून. सैन्याच्या नक्षीचे कपडे बाजारात विकण्या-घालण्यावर बंधनं आहेत, आणि जानेवारी २०२२ मध्ये आर्मी डेला जो नवा डिजिटल ठिपक्यांचा गणवेश आला तो तर खुल्या बाजारात जाऊ नये म्हणूनच काळजी घेतली गेली. एका ट्रेकला पोरांना नाक्यावर थांबवून अर्धा तास चौकशी केलेली मी पाहिली आहे. साधा एकरंगी कार्गो घाला, कोण अडवतंय. पण तो सुती असतो, दवात भिजला की सकाळी थंडगार चिकटतो.

उनाड

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, धन्स. काल डेकॅथलॉनमध्ये दीड तास काढला. ट्यूबलाइट टेस्ट केली, सेल्समन बघत होता. खुर्चीवर पाय ठेवून बसायची टेस्ट केली तेव्हा तो हळूच येऊन विचारून गेला, सर सगळं ठीक ना. ट्रेकिंगच्या रॅकमध्ये फॉर्क्लाझच्या पाय-सुटे करायच्या पँटी आहेत, हलक्या आहेत पण गुडघ्यावर जी चेन फिरते ती मला टोचली. चढाईच्या सिमॉन्डच्या बघितल्या, कटिंग मस्त, मधे मियानी आहे (धागादोरा, मी चक्क मियानी शोधली आणि शेजारच्या काकूंना दाखवली), पण माझ्या मांडीला बसणारा साइज संपलेला. मग?

कातळवेडी

मग घेऊच नका. आहे ती दुरुस्त करा. खरंच सांगते. कापड बाकी ठिकाणी शाबूत आहे ना? बुडाला आणि गुडघ्याला बाहेरून ठिगळ. आपल्या इथे सहसा कोणी ट्रेक पँटचं बूड दुहेरी करून देत नाही आणि सह्याद्रीत जातं ते तेवढंच.

धागादोरा

सहमत. साधा शिंपी नको मात्र, त्याची सुई जाड कापडात मोडते आणि तो सुती-पॉलिएस्टरचा साधा दोरा वापरेल. स्टेशनबाहेर बॅगा आणि चेनी दुरुस्त करणारा बसतो ना, पायाने चालवायचं जाड मशीन घेऊन, त्याच्याकडे जा. त्याच्याकडे नायलॉनचा दोरा असतो आणि सॅकचं कापड पण. मात्र सॅकच्या कापडाला मागून रबरासारखा लेप असतो, हवा जात नाही, म्हणून ठिगळ मोठं नको, दोन तळहाताएवढी दोन, मधे फट ठेवून. कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा अडकून निघतो. आणि ठिगळाच्या कडा काडेपेटीने हलक्या जाळून घ्या म्हणजे धागे सुटत नाहीत. नायलॉन वितळतं, जळून काळं होईपर्यंत थांबू नका. (यावरून आठवलं, शेकोटीपाशी बसताना ती पँट घालू नका, ठिणगी पडली की मिरीएवढं भोक.)

मधली शिवण पूर्ण उसवून दोनदा दुमडून घ्यायला सांगा. तिथे मियानी घालता आली तर सोन्याहून पिवळं, पण ते चाचांचं काम, बॅगवाल्याला नाही जमायचं.

पुणेरी_टाक

म्हणजे निष्कर्ष असा की २२०० च्या पँटला रस्त्यावरचा माणूस शंभर रुपयांत जे करणार ते कंपनीने करायला हवं होतं. तक्रार केलीत का कंपनीकडे?

उनाड

केली. फोटो मागितला, पाठवला, उत्तर आलं की ही वापरामुळे झालेली झीज आहे. ट्रेकिंग पँट ट्रेकिंगला वापरल्याबद्दल त्यांनी मला सौम्य शब्दांत समज दिली.

आजोबा_पर्वत

आणि सॅकमध्ये दाभण ठेवा. दाभण आणि दात साफ करायचा तो मेणाचा दोरा. बारीक असतो पण तोडता येत नाही, डब्बीतच गुंडाळलेला असतो, भिजत नाही. बिनधास्त रनिंग टाके घालायचे, कल्याणपर्यंत टॉवेल लागत नाही.

---

उनाड (डिसेंबर संपताना)

चर्चेचा धागा वर काढतोय. एएमके (अलंग-मदन-कुलंग) करून आलो.

ठाण्याला बॅगवाल्याकडून ठिगळं लावून घेतली, बुडाला दोन, गुडघ्याला दोन, एकूण १८० रुपये. त्याने आधी पँट बघितली, मग मला बघितलं, मग विचारलं, भाईसाब काम क्या करते हो. त्याच्याकडे काळं कापड संपलं होतं म्हणून शाळेच्या दप्तराचं निळं लावलंय, पँट राखाडी. मागून बघितलं तर दोन निळे डोळे बघतायत असं वाटतं. ग्रुपमध्ये नाव पडलंय आता, ते इथे लिहीत नाही.

शिवण चाचा-टाइप टेलरकडून करून घेतली, मियानीसहित. तो पहिल्यांदा नाही म्हणाला, पँटला मियानी कोण लावतं. मग मी दुकानातच उकिडवा बसून दाखवलं, तेव्हा पटलं. पाय एवढा वर जातो आता की अलंगच्या कातळटप्प्यावर जी पहिली पायरी मला दोन वर्षांपूर्वी गुडघा टेकून घ्यावी लागली होती ती सरळ घेतली. मदनच्या ट्रॅव्हर्सवर बूड कातळाला लावून सरकलो, मुद्दाम नाही, भीतीने. उतरताना तर नेहमीप्रमाणेच. घरी येऊन उजेडात धरली, ठिगळावर नुसते पांढरे ओरखडे, खालचं कापड जसंच्या तसं. ठिगळाखाली घाम येतो हे खरं आहे, कुलंगच्या चढणीवर जाणवलं, वर पाण्याच्या टाक्यांपाशी पोचेपर्यंत दोन ओले गोल उठले होते.

एकच गडबड झाली. डाव्या गुडघ्याचं ठिगळ जरा खाली बसलंय. उभं राहून मोजून लावलं होतं, आणि गुडघा वाकवला की पँट वर सरकते, त्यामुळे टेकतो तो भाग ठिगळाच्या वर दोन बोटं. आता तिथे विरायला लागलंय.

धागादोरा

अरेरे, हे सांगायचं राहिलं माझ्याकडून. गुडघा वाकवून खडूने खूण करायची असते. उसवून वर घ्या, जुन्या टाक्यांच्या भोकांवर पुन्हा शिवू नका, तिथून फाटेल. अर्धा इंच सोडून.

गवतीचहा

उनाड, तो ठाण्याचा बॅगवाला नक्की कुठे बसतो? मला माझ्या ट्रॅक पँटला पण...

चकवा

ट्रॅक पँट नको गं बाई.

उनाड

पश्चिमेला, ब्रिजच्या पायऱ्या उतरलं की डावीकडे, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी. सोमवारी नसतो. निळं कापड संपलंय, आता लाल आहे म्हणाला.